शेटचे नऊ डोळे आणि सत्यवतीची बोटं

मंडळी, आज सरळ प्रश्नालाच हात घालतो. माणसावर सतत नजर ठेवली, तर तो माणूस कळतो का? घाई नको. उत्तर मनात ठेवा आणि ऐका.

कोकणात एक गाव आहे. नाव सांगत नाही, तिथले पाहुणे इथे बसले असतील. त्या गावात वसंतशेटचा काजूचा कारखाना. चाळीस बाया तिथे काजू फोडतात. शेटने छपराला नऊ कॅमेरे लावले. देवाने दिलेले दोन डोळे कमी पडले असावेत! मग काय – घरी जेवताना घास तोंडात आणि मोबाइल हातात. आमटीत माशी पडली तर दिसायची नाही, पण कारखान्यात कोण किती वेळ पाणी प्यायला गेली, ते बरोबर दिसायचं.

आठव्या पाटावर सत्यवती राऊळ बसायची. एकोणीस वर्षं तोच पाट. लेकीचं लग्न महिन्यावर आलेलं. शेटच्या मोबाइलमध्ये दिसलं की हिचा हात सारखा तोंडाकडे जातोय. सकाळपासून चाळीस वेळा! शेटने हिशेब मांडला – चाळीस वेळा हात, म्हणजे चाळीस काजू.

कारखान्यात येऊन म्हणाले, "सत्यवती, ऊठ. सगळ्यांसमोर चूळ भर. तोंड उघड."

"शेटांनू, मी काय एक खाल्लंय नाय. बोटां जळतत, म्हणून फुंकर घालतंय."

"कॅमेरा खोटं बोलतो काय?"

एकोणीस वर्षांच्या नोकरीपेक्षा छपराच्या त्या डब्यांवर विश्वास जास्त. मंडळी, तिने चूळ भरली. तोंड उघडलं. पन्नाशीच्या बाईने, चाळीस जणींसमोर. तोंडात काही नव्हतं. शेट म्हणाले, "गिळलं असशील. चोरी केली म्हणून लिहून दे, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस."

मी पोथ्या वाचणारा माणूस, मला राग नीट करताही येत नाही. पण हे ऐकलं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

संध्याकाळपर्यंत बातमी लेकीच्या होणाऱ्या सासरी पोचली. व्याह्यांचा निरोप आला – चोरीचा डाग असलेल्या घरची सून नको. आता बघा, काय पणाला लागलं ते. लेकीचा संसार!

दुसऱ्या दिवशी सत्यवती कामावर आली. लिहून द्यायला नव्हे. म्हणाली, "जातंय मी. पण आधी तुम्ही माज्या पाटार एक तास बसा."

शेट हसले. "माझ्या बापाने याच हातांनी काजू फोडून हा कारखाना उभा केला."

"बापाशीनी फोडले. तुम्ही कधी फोडलात?"

बाया खाली मान घालून हसल्या. शेटला ते झोंबलं. बसले पाटावर. शेजारणीने राखेचं ताट पुढे केलं – काजूच्या टरफलातलं तेल कातडी जाळतं, म्हणून बाया बोटांना राख लावतात, तरी ती पोळतातच. शेट म्हणाले, "असली घाण मला नको."

सत्यवती मुकादमाला म्हणाली, "दत्तारामभाऊ, तुम्ही शेटांच्या मोबाइलार बघा. शेटांचो हात तोंडाकडे किती वेळा जाता, ता मोजा."

पहिली दहा मिनिटं शेट रुबाबात होते. मग बोटं चुरचुरली. मग आग झाली. एक फुंकर. दुसरी फुंकर. एकदा तर बोट तोंडातच घातलं, आणि ओठही पोळला. अर्ध्या तासात उठले.

"किती झाले, भाऊ?"

दत्ताराम बिचारा चाचरत म्हणाला, "सव्वीस."

"शेटांनू, सव्वीस काजू खाल्लात?"

कुणी हसलं नाही. शेट आपल्या बोटांकडे बघत राहिले, मग पहिल्यांदाच तिच्या बोटांकडे. काळी पडलेली, सालं निघालेली. कॅमेरे नऊ, पण ही बोटं एकालाही दिसली नव्हती!

शेट हळूच म्हणाले, "आत ऑफिसात ये. झालं गेलं विसरू."

"चूळ हयसर भरूक लावलात. आता आत कशाक?"

मग शेट तिथेच, चाळीस जणींसमोर म्हणाले, "हिने काही खाल्लं नव्हतं. चूक माझी."

"असांच व्याह्यांच्या पडवीत जावन सांगा."

गेले. बोटांना पट्ट्या बांधून गेले आणि सांगून आले. लग्न झालं.

गोड शेवट, नाही का? मला नाही वाटत. ते नऊ कॅमेरे अजून तिथेच आहेत. आणि जिला असं बोलायचं धाडस नाही, तिने काय करायचं?

तुम्ही म्हणाल, बुवा, देवसुद्धा वरून बघतोच की. बघतो. पण पडणाऱ्याला धरायला बघतो. पकडायला नव्हे.

मान डोलावता आहात. आपल्याकडे कुठे काजूचा कारखाना, असंच ना? मग स्वयंपाकघरात फ्रीजच्या वर काय लावलंय? दुकानात पोरींनी बसू नये म्हणून स्टूल कुणी काढून घेतलं? कोण ते मी विचारणार नाही. तुमचं तुम्हाला माहीत आहे.

कठोर बोललो असेन, पोटात घाला. पण एक सांगतो. उद्या तुमच्याकडे कामाला येईल तिचे हात समोर बसून बघा, आणि ते कशाने असे झाले ते तिलाच विचारा. एवढं ज्याला जमणार नसेल, त्याने आरती झाल्यावर माझ्या पाया पडायला येऊ नये.