पान एकशे चौदावरची थाप

...नाही, तुम्हाला सांगतो, विद्यापीठात शिरायला अक्कल लागते असं ज्यांना वाटतं ना, त्यांनी आधी माझ्याकडे बघावं! आपल्या अख्ख्या हापाई बेटांत, शाळेचा दाखला नसताना, एकाहत्तराव्या वर्षी विद्यापीठात शिरलेला एकच माणूस आहे, आणि तो हा तुमच्यासमोर बसलाय. टाळ्या नकोत. पहिल्यांदा शिरलो तो फाटकातून, आणि वॉचमननं दंडाला धरून बाहेर काढलं तेही फाटकातूनच.

का? तर म्हणे हातात भाजलेलं डुक्कर होतं! आता रिकाम्या हातानं मोठ्या माणसाच्या दारात जायचं का? मानाच्या कामाला गुंडाळतात तशी कमरेला चांगली चटई गुंडाळलेली, केस तेल लावून चपचपीत, माडाच्या टोपलीत डुक्कर... वॉचमन विचारतो, "आजोबा, लग्न कुणाचं आहे?" म्हटलं, "माझी प्रवेश परीक्षा आहे रे बाबा!"

तसा हायस्कुलात मीही गेलोय, बरं का. अकरा दिवस! बाराव्या दिवशी हेडमास्तरांच्या टेबलाच्या खणात जिवंत वाम निघाली आणि आमचं शिक्षण संपलं. आता वाम काय माझ्या एकट्याच्याच ओळखीची होती? पण मास्तरांनी रजिस्टरात माझं नाव लिहिलं, आणि लिहिलं म्हणजे झालं! लिहिलेल्यापुढे बोलणाऱ्याची काय टाप आहे?

पण आता या वयात विद्यापीठ कशाला, असं तुमच्या तोंडावर आलेलंच आहे. सांगतो. ते कावा प्यायचं भांडं जरा इकडे सरकवा.

खोल समुद्र आता माझ्याच्यानं होत नाही. दम लागतो. उरलाय तो प्रवाळाच्या कट्ट्याच्या आतला, उथळ पाण्यातला ऑक्टोपस. होडीतून कवडीचा खोटा उंदीर, म्हणजे आमिष, दोरीनं नाचवायचा, उंदराशी जुनं वैर असलेला तो आठपाया रागानं येऊन त्याला मिठी मारतो, की घेतला वर. एवढंच एक काम या हातांना अजून येतं. आणि त्याच कामाला गावाच्या नव्या समितीनं तीन महिने बंदी घातली! दर वर्षी! ऐन मोसमात! का? तर पुस्तकात छापलंय, पान एकशे चौदा, की या तीन महिन्यांत ऑक्टोपस धरायचा नाही, हा आपल्या पूर्वजांचा नियम आहे. छापलंय ना? मग झालं तर!

आणि तो नियम, तुम्हाला सांगतो... तो नियम मी केलाय.

हसू नका! चाळीस वर्षांपूर्वी तो न्यूझीलंडचा गोरा साहेब नव्हता का आला, रॉड्नी? वही घेऊन माझ्या मागे मागे. मी पाण्यात, तर हा पाण्यात. मी मुतायला, तर हा वही घेऊन तिथे! एवढाले बूट घालून छपाक छपाक, एक ऑक्टोपस जागेवर राहील तर शपथ. शेवटी एक दिवस तोंड लांब करून म्हटलं, "साहेब, उद्यापासून तीन महिने बंद. या दिवसांत ऑक्टोपस आपल्या मेलेल्या आईसाठी रडतो. पूर्वजांची मनाई आहे." त्याचे डोळे भरून आले हो! सगळं लिहून घेतलं, पुढे त्याचंच ते पुस्तक छापलं, आणि माझी पाठ सोडली.

पण बोटीत बसून गेला तरी पत्रं सुरू. ऑक्टोपस डाव्या पायानं रडतो की उजव्या? असले प्रश्न! कंटाळून मीच माझा चुलता झालो आणि त्याच्या नावानं लिहिलं, "कळवण्यास दुःख होते की माझा पुतण्या इसिलेली समुद्रात बुडून गेला. जाताना तुमचंच नाव ओठांवर होतं." बिचाऱ्यानं सुतकासाठी काळ्या कापडाचा तागा पाठवला. माझ्याच सुतकाचा सदरा मी दोन वर्षं घातलाय, काय समजलात!

तर आता बंदी उठवायची. गेलो समितीकडे. तिथला मुख्य तो पाउलासी, ज्याचं नाक मी पुसलंय लहानपणी. मला म्हणतो, "काका, समितीत बोलायला शिक्षण लागतं. विद्यापीठात नाव असलेल्यांनाच बोलता येतं." म्हटलं, असं काय? दाखला नसला तरी म्हाताऱ्याकोताऱ्यांना परीक्षा घेऊन आत घेतात, हे मला ठाऊक होतं. धरली राजधानीची, नुकुआलोफाची बोट!

डुक्कर शेवटी वॉचमनकडे ठेवलं. परत मिळालं तेव्हा त्याला मागचे पाय नव्हते, ते जाऊ द्या. आत डॉक्टर मेलेसेनी मॅडम. आपल्याच बाजूच्या बेटावरची पोर, पण परदेशात शिकून आलेली. गोड बोलली. "बसा आजोबा. हा उतारा वाचा आणि खाली तीन प्रश्न आहेत त्यांची उत्तरं लिहा. घाई नाही."

बोट ठेवून ठेवून वाचायला लागलो. दुसऱ्या ओळीला घाम फुटला. पान एकशे चौदा!

"मनाई का पाळतात?" असा पहिलाच प्रश्न. जन्मात पहिल्यांदा खरं लिहिलं हो मी! लिहिलं, "मनाई बिनाई काही नाही. साहेब बूट घालून यायचा म्हणून मी थाप मारली." मॅडमनी वाचलं, चष्मा काढला, परत घातला.

"आजोबा, याला पुस्तकात आधार नाही."

"अगं बाई, पुस्तकाला आधार कोण? मीच! हे बघ, इथे लिहिलंय ना, माहिती देणारा, इसिलेली!"

तिनं हळूच बोटानं पुढची ओळ दाखवली. 'दिवंगत इसिलेली यांच्या पवित्र स्मृतीस.'

"ते वारले, आजोबा. तुमचे कुणी लागत होते का?"

आता बघा! मी समोर बसलोय, श्वास घेतोय, नाक शिंकरतोय, आणि ती माझ्याकडे सांत्वनाच्या नजरेनं बघतेय! छापलंय ना? मग झालं तर!

"नवीन कागद देते," म्हणाली. "उताऱ्यात जे आहे तेच लिहा. तुम्हाला आत घ्यावं असं मला मनापासून वाटतंय."

आणि लिहिलं मी! माझीच थाप मी परत लिहिली, वर थोडी फोडणी घालून. ऑक्टोपसच्या मेलेल्या आईच्या जोडीला एक विधवा मावशीही घातली. मॅडमचे डोळे भरले. पैकीच्या पैकी! खऱ्याला भोपळा आणि खोट्याला विद्यापीठ, तुम्हाला सांगतो!

नाव लागल्याचा कागद घेऊन थेट समितीत. छाती काढून उभा राहिलो आणि सगळं ओकलो. थाप, बूट, पत्र, सुतकाचा सदरा... पाउलासीनं शांतपणे ऐकून घेतलं. मग खणातून माझाच पेपर काढला. विद्यापीठानं पाठवला होता कौतुकानं, गावाचा मान म्हणून!

"काका, ही सही तुमचीच ना? मनाई आहे म्हणून तुम्हीच लिहिलंय. विधवा मावशीबद्दल तर आम्हालाही माहीत नव्हतं. आपण तिच्यासाठी चौथा महिना वाढवू या."

चौथा महिना! अहो, होडी उलथी पडलीय अंगणात, कवडीच्या उंदराला कोळ्यानं जाळं घातलंय...

घरी आलो आणि पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा बायकोला सगळं खरं सांगितलं. लूसेआने चटईला पानाचं पातं विणत बसली होती. म्हटलं, आता हिला तरी माझी दया येईल. ती विणायची थांबली नाही. वर बघितलंसुद्धा नाही.

"तीन महिने मला मऊ होईपर्यंत दगडावर ऑक्टोपस बडवत बसावं लागत नाही," म्हणाली, "आणि बंदी सुटली की हाताएवढ्या पायांचे मिळतात, पूर्वी बोटाएवढे मिळायचे. म्हाताऱ्या, सबंध जन्मात तू एकच गोष्ट शहाणपणाची बोललास, आणि ती खोटी होती म्हणून गावभर सांगत सुटलास?"