पुतळा तोच, फोटो दुसरा

मी राजकुमार कडुबा गायके, वय २३ वर्षे, शिक्षण नववी, धंदा मंडप डेकोरेशनच्या दुकानात कामगार, मूळ राहणार बिडकीन, ता. पैठण, सध्या मुकुंदवाडी, छत्रपती संभाजीनगर. पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून, विचारल्यावरून, परवानगीने माझ्याच अक्षरात लिहून देतो की,

माझा थोरला भाऊ सत्यम परदेशात फरशी बसवण्याच्या कामावर आहे. त्या देशावर शेजारचा मोठा देश बॉम्ब टाकत आहे. देशांची नावे लिहू नको, असे हवालदार साहेब म्हणाले, म्हणून लिहीत नाही. सत्यमचा पासपोर्ट ठेकेदाराने ठेवून घेतला आहे. त्याला परत आणावे, एवढीच आमची मागणी आहे.

मागच्या वर्षी आमच्या चौकातील लोकहुंकार संघटनेचे नानासाहेब यांनी त्या मोठ्या देशाच्या तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षाविरुद्ध जोडे मारो आंदोलन ठेवले. पुतळा मी बनवला. पोत्यात सोयाबीनचे भुसकट भरले. सत्यमचा निळा शर्ट आईने दिला. पुतळा जाळणार हे तिला माहीत होते. ती म्हणाली, "जळू दे, तो आल्यावर नवा घिऊ." नानासाहेबांनी स्वतःचा जोडा काढून आईच्या हातात दिला व म्हणाले, "मावशी, तुमचा सत्यम तो आमचा सत्यम. हाणा." जाळण्याआधीच पोलीस आले व गर्दी पांगली. पुतळा मी दुकानात नेऊन ठेवला.

नंतर तिकडे नवीन राष्ट्राध्यक्ष आला. तो आपल्या विचारांचा आहे म्हणून नानासाहेबांनी चौकात पेढे वाटले. आम्हालाही दिले. नवीन माणसाने टीव्हीवर सांगितले की, आधीच्याचे अर्धे राहिलेले काम मी पूर्ण करणार. बॉम्ब थांबले नाहीत. मी नानासाहेबांकडे जाऊन पुन्हा आंदोलन ठेवा म्हणालो. ते म्हणाले, "आधीचा खुनशी होता. ह्याचा नाइलाज हाय. जरा दम धर." बॉम्ब तर तेच आहेत ना, असे मी विचारले. "राजू, तू लई बारीक बघतो," असे बोलून ते गाडीत बसले.

काल रविवारी सकाळी मी व आई सारजाबाई त्याच चौकात तोच पुतळा घेऊन उभे राहिलो. फक्त नवीन राष्ट्राध्यक्षाचा फोटो लावला होता. आईने पायातली चप्पल काढली, तेवढ्यात नानासाहेबांची माणसे आली. मित्रदेशाच्या नेत्याचा अपमान करतो का, असे म्हणून त्यांनी मला मारहाण केली. (येथे आधी 'धक्काबुक्की' लिहिले होते. ते मी खोडले आहे. सही केली आहे.) आईची चप्पल गटारीत टाकली. पुतळ्याला मात्र धक्का लागू दिला नाही. ज्या छातीवर मागच्या वर्षी त्यांनीच जोडे मारले, ती दोघांनी कवेत धरून ठाण्यात आणली व माझ्याविरुद्ध तक्रार दिली. भुसकटसुद्धा बदललेले नाही.

संध्याकाळी विरोधी गटाचे मुकुंदराव यांचा फोन आला. आमचा मोर्चा आहे, पुतळा सुटला की आम्हाला दे, असे म्हणाले. मागच्या वर्षी आई त्यांच्या दारात गेली तेव्हा, तो आधीचा राष्ट्राध्यक्ष समजदार आहे, युद्धात माणसे मरणारच, असे तिला त्यांनीच सांगितले होते. मी म्हणालो, "देतो. पण फोटो दोघांचे लावू." ते म्हणाले, "तेव्हाचं युद्ध वेगळं होतं." मी म्हणालो, "माझा भाऊ तोच आहे." त्यांनी फोन ठेवला.

तुझी तक्रार नेमकी कोणाविरुद्ध, असे मला येथे विचारण्यात आले. दोघांविरुद्ध आहे. मारहाण एकानेच केली, दुसऱ्याचे नाव घेता येणार नाही, असे सांगण्यात आले. तरी मी दोन्ही नावे वर लिहिली आहेत. ती खोडू नयेत.

गुरुवारपासून सत्यमचा फोन लागत नाही. पुतळा ठाण्यात जमा आहे. भुसकट, पोते, फोटो ज्याला पाहिजे त्याला द्यावे. निळा शर्ट आम्हाला परत मिळावा. आईने मागितला आहे.

हा जबाब हवालदार साहेबांनी मोठ्याने वाचला. मी व आईने ऐकला. जसे घडले तसेच यात आहे, म्हणून खाली सही करतो.

राजकुमार कडुबा गायके