घरचं मलम

त्वचेच्या दवाखान्यात बाकावर सासू नि सून बसल्या होत्या. सुनेचं नुसतं मनगट वाफेनं भाजलं होतं, पण पुरळ पार कोपरापर्यंत चढलं होतं. बाकावर शेजारी बसलेल्या शिंपीणबाईंनी डोळे भिंतीला लावले आणि कान या दोघींकडे.

"खाज कधीपासून सुटली?"

"पहिल्यांदा मलम लावलंत तेव्हापासूनच, आई."

"आणि तरी रोज हात पुढे करत राहिलीस?"

"तुम्ही पाला वाटून, तेलात कढवून करत होतात. नको कसं म्हणू?"

"तोंडानं म्हणायचं. मला वाटलं, अंगातली उष्णता बाहेर पडतेय. म्हणून मी आणखी जाड थापत गेले."

"लावताना तुम्ही फुंकर घालायचात. लहानपणापासून मला कुणी अशी फुंकर घातली नव्हती."

"वेडी कुठली. फुंकर मलमाशिवायही घालता येते."

"डॉक्टरांना मी सांगते, बाजारातून आणलं होतं."

"माझ्या मलमाला बाजारचं म्हणतेस? सांग, सासूनं केलं. बोलणी खायला मी खमकी आहे."

"मग तुम्ही बाहेरच बसा. मी एकटी जाते."

"म्हणजे डॉक्टर विचारणार, आग होते का, आणि तू मान हलवून नाही म्हणणार. माझ्यासमोर केलंस तसंच."

सून पदराशी चाळा करत राहिली. आतून तिचं नाव पुकारलं गेलं.

"आई, होते आग. फार होते."

"हां. आता आत हेच सांगायचं. चल, मी येते."