दिवस मागणारा परशराम

दिल्लीच्या पत्त्याचं पाकीट. १९८३चं कॅलेंडर. बैलाचे डोळे. फोटोवाल्याच्या खिशाला अडकवलेला बारीक कुंचला.

बेळगाव स्टँडवर, बेळगुंदीच्या बसच्या रांगेत, माझ्यापुढे शेतकरी परशराम आणि त्याचा मित्र, फोटोवाला सत्याप्पा.

"परशा, लोक सरकारकडं रस्ता मागत्यात, नळ मागत्यात. तू दिवस मागतोस व्हय रं?"

"बालदिन हाय, शिक्षकदिन हाय. पोरांच्या डोळ्याच्या कॅन्सरचाबी एक असू दे. त्या दिवशी देशभर आयाबापांनी लेकरांच्या डोळ्यांत पांढरं काय चमकतंय का बघायचं."

"लाखात एखाद्याला व्हतो म्हणं."

"माझ्या सुमीचा डोळा काढायला लागलाच की."

"बरं. तारीख कुठली?"

"बेंदराची. तवा आम्ही बैलाचेसुद्धा डोळे धुऊन बघतोय. लेकीचे तेवढे बघितले न्हाईत."

"कुठला बेंदूर? कर्नाटकी का महाराष्ट्राचा?"

"दोन्हीबी. वर्षातनं दोनदा बघतील."

"आणि अर्ज मराठीत. दिल्लीत वाचणार कोण?"

"म्हणून फोटो जोडतोय. सुमीचा, जत्रेतला."

"तो नको. निगेटिव्ह हाय माझ्याकडं, नवा छापून देतो. डोळा हाय तसा."

"आता हात लावू नकोस म्हणजे झालं."

"हा घे कुंचला. तुझ्याच खिशात ठेव."

"ठेवतो. बैलाची शिंगं रंगवायला हुईल."

डोळा काढण्याच्या सहा महिने आधी, जत्रेतल्या फोटोत सुमीच्या एका डोळ्यातली बाहुली पांढरी उमटली होती. फोटो चांगला दिसावा म्हणून सत्याप्पाने ती काळी रंगवून दिली होती.