बैलांच्या शिंगांचा रंग आणि जुनी बेस गिटार

सत्त्याऐंशी साल असावं. सालाची खात्री नाही, पण पोळा नुकताच झाला होता एवढं नक्की. सौंसर गावातल्या आमच्या ऑर्केस्ट्रात मधुकर बेस गिटार वाजवायचा. वीसेक वर्षं जुनी, परदेशी. लग्नवाले आता कीबोर्ड मागायला लागले होते, म्हणून ती विकून त्याला कीबोर्ड घ्यायचा होता.

"सर, उद्या नागपूरचा माणूस गिटार पाहाले येऊन राहिला. रंग पाहा ना, कसा उडाला! बैलाच्या शिंगांचा लाल रंग उरला हाये. मारू का?"

मी भौतिकशास्त्राचा डॉक्टर. म्हटलं, "मार. रंगानं आवाज बिघडत नाही."

दुसऱ्या दिवशी लालभडक रंगवलेली गिटार पाहून नागपूरवाला कपाळाला हात लावून बसला. "काका, हे काय केलं? असं लाकूड, तारांचा आवाज पकडणारी आतली अशी कॉइल आता कोणी बनवत नाही. त्यात मूळ रंगाच्या तर मोजक्याच उरल्यात. वाजवून वाजवून उडालेला तो रंगच तर मला पाहिजे होता! आता निम्मेच पैसे देईन."

मधुकरनं माझ्याकडे पाहिलं. मी त्याला बाजूला घेऊन ठामपणे सांगितलं, "देऊ नको. भाव पाडून राहिला तो."

"तुम्ही म्हणता तर नाही देत, सर."

तो माणूस गेला. दुसरं गिऱ्हाईक आलंच नाही, आणि कीबोर्डही.

पुढे कित्येक वर्षांनी वाद्यं दुरुस्त करणाऱ्या एका जाणकाराला मी विचारलं. तो म्हणाला, पुन्हा रंगवलेली जुनी गिटार साधारण निम्म्या किमतीलाच जाते. नागपूरवाल्यानं अगदी रास्त भाव सांगितला होता.