सांडव्याची परवानगी

मंडळी, आज एकच प्रश्न घेऊन उभा आहे. ज्यानं सगळ्यांचे हुकूम पाळले, कुणाचा शब्द मोडला नाही, त्याच्या हातून पाप घडतं का? — माना नका हलवू! आधी ऐका!

धामणवाडी नावाचं गाव. वरच्या अंगाला जुना तलाव, मातीचा बांध खचलेला. दुरुस्तीला आले इंजिनिअर निळकंठराव सोनटक्के. सरळ माणूस! बांध पाहिला नि म्हणाले, "सांडवा अरुंद आहे. जादा पाण्याला वाट नाही मिळाली तर ते बांधावरून जाईल." आणि मातीच्या बांधावरून पाणी गेलं, मंडळी, की बांध संपला!

पाटबंधाऱ्याचे साहेब म्हणाले, "डावीकडे रुंद करा." केलं सुरू! लगेच वनखातं हजर — "थांबा! ही जमीन आमची. दगड हलवाल तर गुन्हा!" बरं, साहेब म्हणाले, मग उजवीकडे. तिकडे बांध कापून झाला, तोवर पाटबंधाऱ्याचे साहेबच बदलले! नवे म्हणतात, "उजवीकडे कुणी सांगितलं? बुजवा!"

"साहेब, तुमच्याच खुर्चीनं सांगितलं!"

"खुर्ची बोलत नसते, सोनटक्के."

हसा, हसा! निळकंठरावही आधी हसायचे. मग हसणं बंद झालं.

बुजवायचं तर माती थराथरानं टाकायची, पाणी मारायचं, रोलर फिरवायचा. साहेब म्हणाले, "पक्कं काम नको. दोन्ही खात्यांची पाहणी होऊ द्या. तोवर नुसती माती ढकला."

"एका पावसात जाईल हो ती!" भांडले बिचारे. शेवटी ढकलली माती.

बांधाखाली वीटभट्टी. तिथली गऊबाई एका सकाळी वर आली. "दादा, आभाळ लई भरलंय. आमी हितं ऱ्हावं का उठावं?"

केवढा सोपा प्रश्न! उत्तर त्यांना ठाऊक होतं. पण इतक्या वेळा झापलेला माणूस तो, विचारल्याशिवाय बोलायची हिंमतच उरली नव्हती! उठा म्हणावं, आणि उद्या कुणी विचारावं — गावात घबराट कुणी पसरवली? म्हणाले, "मावशी, साहेबांना विचारतो, मग सांगतो."

"बरं दादा. तुमी सांगाल तसं." गेली परत भट्टीवर.

यांनी फोन लावला. "साहेब मीटिंगमध्ये आहेत." पुन्हा लावला. मीटिंगच! दुपारी पाऊस कोसळला, आणि बांध फुटला तो त्या ढकललेल्या मातीतूनच. गऊबाई गेली. तिची तान्ही नात गेली.

चौकशी झाली. काय निघालं? सगळ्यांचं बरोबर! प्रत्येक साहेबाचा हुकूम नियमात! निळकंठरावही सुटले, हुकूम पाळले होते ना! कचेरीबाहेर गऊबाईचा लेक भिवा उभा होता. शिवी नाही दिली त्यानं. एवढंच म्हणाला, "साहेब, माझ्या आईला ऊठ म्हणायला कुणाची सही लागत हुती?"

निळकंठराव तिथंच पायरीवर बसले. त्यानंतर त्यांनी कुठल्याही बांधावर पाय ठेवला नाही.

दोष साहेबांचा? आहेच! त्यांना मी सोडत नाही. दोन तोंडांनी हुकूम देणाऱ्यांच्या माथी दोन जीव आहेत. पण तुम्ही, मंडळी? शेजारच्या घरात काय चाललंय ते दिसतं, आणि गप्प बसता. का? कुणी मोठ्या माणसानं आधी बोलावं म्हणून! उद्या देवापुढे उभे राहाल तेव्हा काय सांगाल — वरून हुकूम आला नव्हता? अहो, त्याच्या वर कोण आहे?

आज गजर नको. टाळ खाली ठेवा. ज्याला काही सांगायचं राहिलंय, त्याचं दार आधी वाजवा, मग आपल्या घरी जा. देवाचं नाव वाटेनं घेतलं तरी त्याला चालतं.