मतदानाच्या वेळी बंद पडणारी लिफ्ट

झालं बघा साहेब, थांबली. दोन आणि तीनच्या मध्ये, नेहमीसारखी — आता मतदान उरकेपर्यंत ही हलायची नाही. बसा ना, माझं स्टूल घ्या. नाही, मी उभीच बरी, बसलं की मला जास्त धडधडतं — अगं आई — ही घंटा. तीन वर्षं झाली इथे लिफ्ट चालवायला, दिवसातून चारदा वाजते आणि दरवेळी मी अशी उडते. आठ मिनिटं वाजणार, मग सभागृहाची दारं बंद आणि तुमच्या नावापुढे ‘गैरहजर’. म्हणजे तुम्हाला हवं तेच. कारण काय? तर आमदारसाहेब लिफ्टमध्ये अडकले, बिचारे.

पावलं? हो, येतात ऐकू — अगदी दाराशी चालल्यासारखी, नाही? लोखंडातून आवाज कुठला कुठे जातो. आणि मजला दाखवणारा दिवा गेलाय, म्हणून तुम्हाला चुकल्यासारखं वाटतंय.

आठवतंय, ही युक्ती तुम्हीच शिकवलीत मला? मी नवी होते, एम.ए.चा निकाल पर्समध्ये घेऊन हिंडायची, कंत्राटदाराने गणवेश दिला तो दोन मापं मोठा. घंटा झाली, मी दचकले, आणि तुम्ही म्हणालात, “पोरी, लिफ्ट दमली असेल, नाही का?” मला कुठलं कळायला — मी म्हटलं, नाही साहेब, कालच तेल घातलंय. केवढे हसलात. मग लाल बटणावर बोट ठेवून दाखवलंत. पुढे बाकीच्यांनाही सुगावा लागला — ते जाड भिंगाचे वकीलसाहेब, ते बंद फोन कानाला लावून बोलणारे — घंटा झाली की माणसं सभागृहाकडे पळतात, हे माझ्याकडे पळतात. मेकॅनिक परवा म्हणाला, ताई, उभ्या जन्मात अशी लिफ्ट पाहिली नाही, हिला फक्त मतदान सोसत नाही.

त्याला कसं कळलं? अहो, वहीतून. बिघाडाची नोंदवही असते ना — तारीख, वेळ, किती मिनिटं बंद, आत कोण. मी सगळं लिहिते. रकाना रिकामा राहिला तर कंत्राटदार बोलेल, या धास्तीने रात्री झोप लागत नाही मला. नाही नाही, रागावू नका, तुमचं नाव नाहीये — म्हणजे आहे. एकोणीस वेळा आहे. मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल.

तुमचं पत्रक आलं होतं आमच्या गल्लीत — कामगारांच्या विरोधात एकदाही मत दिलेलं नाही. मी नवऱ्याला म्हटलं, अक्षर न् अक्षर खरं आहे. बाजूनेही दिलेलं नाही, तेवढं छापायला जागा पुरली नसेल. तो हसला. तेव्हा आम्ही घर शोधत होतो, आणि त्याचं आडनाव ऐकलं की मालकीणबाई म्हणायच्या, अय्या, कालच दिली हो खोली. अकरा घरं झाली. आडनाव विचारून घर नाकारता येऊ नये, असा कायदा आला होता ना मागच्या वर्षी? काय बोलला होतात तुम्ही त्यावर. मी इथे दारात उभी राहून ऐकलं, डोळे पुसले. मग घंटा झाली आणि तुम्ही नि वकीलसाहेब, दोघंही माझ्या लिफ्टमध्ये शिरलात. कायदा एका मताने पडला. आत दोघं होतात, साहेब. आणि बटण कुणी दाबलं? मी दाबलं. बाराव्या घरी नवऱ्याने माझं माहेरचं आडनाव सांगितलं. दारावर पाटी तीच आहे. पोस्टमन त्याला माझ्या बाबांच्या आडनावाने हाक मारतो आणि तो ओ देतो.

आजचं? आजचं मला काय कळतंय — खोटं कशाला बोलू, पाठ आहे मला. कंत्राटावरच्या बाईला दिवस गेले म्हणून कामावरून काढता येणार नाही, एवढंच. चहाच्या मावशी सकाळपासून मतं मोजताहेत. त्यांच्यासमोर सगळे मोकळं बोलतात, कपबशीसमोर बोलावं तसं. म्हणतात, एक मत कमी पडतंय. सफाईच्या बायकांना तुम्ही शब्द दिलात, आणि परवा कंत्राटदाराबरोबर जेवलात — मीच तर सोडलं दोघांना वर. म्हणून आज लिफ्ट. मला कळतं हो, कुणाला नाराज करवत नाही तुम्हाला, स्वभावच तसा.

घाम कुठे? उकडतंय म्हणून. गणवेश दोन मापं मोठा आहे म्हणून बरं, एवढंच म्हणते मी. पाचवा. — बघा, बोलून गेले. सासूबाईंनासुद्धा सांगितलं नाहीये अजून, त्यांच्या पोटात काही राहत नाही. कंत्राटदाराला कळलं की दुसऱ्या दिवशी या स्टुलावर दुसरी. झेरॉक्सवालीला तसंच काढलं, तिचा डबा अजून कपाटात पडलाय.

काय म्हणालात? माझ्या नोकरीचं तुम्ही बघाल? एका फोनचं काम? — थांबा, जरा भिंतीला टेकू द्या. खरं सांगू, मोह झाला. आत्ता, उभ्या उभ्या. मी भित्री आहे, भित्र्या माणसाला एक फोनसुद्धा पुरतो. पण सफाईत तेरा जणी आहेत, त्यातल्या दोघींचं मला ठाऊक आहे. कितीदा फोन कराल? आणि तुमचा फोनही ऐन वेळी कुठे मधेच अडकला, तर?

अजून तीन मिनिटं आहेत. साहेब, एक सांगायचं राहिलं. ओरडू नका हं, ओरडलं की मला रडू येतं. आपण मध्ये नाही आहोत. दुसऱ्या मजल्यावरच उभे आहोत, मघापासून. पावलं खरीच दाराशी आहेत. दिव्याचा बल्ब माझ्या खिशात आहे. बाहेर मावशी आहेत, सफाईच्या बायका आहेत आणि दोन वार्ताहर आहेत — ते मी नाही बोलावले. मी फक्त मावशींना वही वाचून दाखवली, त्यांना वाचता येत नाही म्हणून. जरा मोठ्याने वाचली. वार्ताहरांच्या खोलीत वाचली.

उघडतेय दार. डावीकडे सभागृह, उजवीकडे जिना. विरोधात द्यायचं तर विरोधात द्या — नाही, नका देऊ हो — पण काहीतरी द्या. माझी नोकरी गेली तर ती कुणी घालवली, एवढं तरी मला कळू दे. दरवेळी लिफ्टनेच घालवायची का? उठा.

मावशी, सरका, साहेबांना वाट द्या. — साहेब, तो जिना. सभागृह इकडे. हां, असं. जपून, फरशी ओली आहे.

गेले का आत? लागलं दार? — नाही, मावशी, आत्ता काही विचारू नका. बोलू नका. आत मोजताहेत.